आम्ही सगळे, लग्नाच्या दिवशी

४ एप्रिल

जावई आले ते हात हलवत आले. एरवी येताना मुंगीसाठी काहीतरी घेऊन येतात, रंगीत खडू नाहीतर बिस्किटं. आज रिकाम्या हातांनी दारात दिसले तेव्हाच काहीतरी वेगळं आहे हे मी ओळखलं. चहा गार होईपर्यंत कपाकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "आई, मी लग्न करायचं ठरवलंय."

नवी डायरी आहे, तेव्हा ओळख करून द्यायला हवी. शाळेत मुलांना निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात हेच करायला लावायचे. मुंगी म्हणजे माझी नात, पाच वर्षांची. माझी एकुलती एक लेक आजारी पडून गेली तेव्हा हिला धड बोलताही येत नव्हतं. तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. जावई नोकरीच्या गावी असतात, बसने तीन तासांवर, आणि सुट्टीच्या दिवशी येतात.

ती बाई तिकडेच एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते म्हणे. मे महिन्यात सह्या करून लग्न, कसला थाटमाट नाही. आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना मुंगीला तिकडे न्यायचं. हे सगळं त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

आमचे हे म्हणाले, "बरं झालं."

जन्मभर या माणसाला मी 'हे' म्हणत आले. नाव घ्यायची सवयच नाही; भाषेच्या शिक्षिकेचा नवरा एक सर्वनाम होऊन बसलाय. मुळात बोलतात कमी, आणि जे बोलतात ते नको तेव्हा.

संध्याकाळी लेकीच्या फोटोवरची धूळ पुसत होते. मुंगी तिच्या कापडी सशाला कडेवर घेऊन आली आणि त्याला सांगायला लागली, "ही माझी फोटोतली आई. आता बाबा चालणारी आई आणणारेत."

मी फडकं तिथेच टाकून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

पोर विसरत चाललीय. इथून गेली की उरलंसुरलंही विसरेल. जाण्याआधी तिच्या हातात काहीतरी दिलंच पाहिजे.

८ एप्रिल

कोपऱ्यावर एक फोटोवाला आहे. पूर्वी ओळखपत्राचे फोटो काढायचा, आता लग्नाची, वाढदिवसांची पुस्तकं छापून देतो. फोटो चिकटवलेला अल्बम नव्हे, अगदी छापील पुस्तक, वर नाव, आत मजकूर. दुकानावर पाटी आहे: 'आठवणिंचं पुस्तक'. मी आत शिरल्या शिरल्या म्हटलं, "आठवणींचंमधला णी दीर्घ हवा."

तो म्हणाला, "मॅडम, पाटी करणाऱ्याने ऱ्हस्वाचेच पैसे घेतले."

माणूस बोलघेवडा आहे, पण कामाचा. नमुने दाखवले. पानं चारच्या पटीतच वाढतात. आणि दोन पानं मिळून एक फोटो मोठा छापायचा असेल तर मधल्या घडीत चेहरा येऊ द्यायचा नाही, घडी चेहरा खाते.

म्हणजे आली पंचाईत. मला हवा तो फोटो नेमका तसाच आहे. लेकीच्या लग्नाचा, सगळं घर हॉलच्या पायऱ्यांवर उभं, आणि नवरी बरोब्बर मध्ये. लग्नाच्या फोटोत नवरी मध्ये नाही तर काय कडेला उभी राहणार? तो म्हणाला, "एका पानावर छोटा छापू. समोरचं पान कोरं सोडा. डोळ्याला बरं वाटतं."

मी म्हटलं, कोऱ्या पानाचे पैसे मी देणार नाही. समोर मजकूर येईल. मी लिहीन.

१२ एप्रिल

कपाटातले फोटो, जुन्या फोनमधले फोटो, विहीणबाईंकडून मागवलेले फोटो, सगळे पलंगावर पसरलेत. दोन दिवस आम्ही खाली सतरंजीवर झोपतोय. हे काही बोलत नाहीत. फक्त सकाळी कमर धरून उठतात, ते मला दिसेल असं.

लेकीच्या लग्नाच्या फोटोंत एक गोष्ट आधी कधी लक्षात आली नव्हती. बहुतेक फोटोंत तिचे डोळे मिटलेले आहेत. ती हसली की डोळे मिटायची, आणि त्या दिवशी ती सारखी हसत होती. जेवताना हसतेय, नवऱ्याच्या बुटाची नाडी सुटली म्हणून हसतेय, गाडीत बसताना मी रडतेय आणि ही हसतेय. मी तेव्हा चिडले होते. म्हटलं होतं, "एक दिवस तरी नीट तोंड ठेव."

मुंगीने पायऱ्यांवरचा फोटो उचलला. "आई उभ्या उभ्या झोपलीय?"

मी तिच्या हातातून तो काढून घेतला.

१५ एप्रिल

फोटोवाला म्हणाला, डोळे उघडून देतो. दुसऱ्या फोटोतले घ्यायचे आणि इथे बसवायचे, कुणाला कळणारही नाही. मी म्हटलं, करा.

त्याने माझ्यासमोरच केलं. पडद्यावर माझी लेक एकाएकी टक्क डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागली. ओठ हसताहेत आणि डोळे कुठल्यातरी ओळखपत्रावरचे. मी म्हटलं, "मिटा. मिटा ते आधी."

त्याने लगेच मिटले. मग पाणी आणून दिलं. पाटीवरचा णी त्याने रंगाने दीर्घ करून घेतलाय, तोही दाखवला. भला माणूस आहे.

२१ एप्रिल

मजकूर पुरा झाला. आठवडाभर तेच करत होते. प्रत्येक फोटोखाली एक ओळ, सोपी, जोडाक्षरं कमी, म्हणजे मुंगीला वाचता यायला लागलं की स्वतः वाचेल. 'आम्ही सगळे, लग्नाच्या दिवशी.' 'आम्ही पहिल्यांदा समुद्रावर गेलो.' 'हे आमचं जुनं घर.' 'आम्ही दोघी, भांडण झाल्यावर.' हा शेवटचा फोटो मला फार आवडतो. लेक बारा-तेरा वर्षांची, दोघींची तोंडं दोन दिशांना, आणि यांनी तेवढ्यात फोटो काढला. दुसरं काही नाही तर या माणसाला वेळ साधता येते.

यांना वाचून दाखवलं. ऐकलं सगळं. मग म्हणाले, "शेवटची दोन पानं रिकामी ठेव."

"कशाला?"

"लागतील तिला."

"कुणाला लागतील? मुंगीला? रेघोट्या मारायला?"

मी त्या दोन पानांवर लेकीच्या शाळेतले आणखी आठ फोटो घातले. आता एका बोटाएवढीही जागा उरलेली नाही. मला हेच हवं होतं.

३ मे

जावई तिला घेऊन आले. कालच सह्या झाल्या.

मी मनात तिला चष्मेवाली म्हणते. स्वतःला मात्र चष्मा नाही, ही एक गंमत. उंच, हाडापेराने मोठी, बसताना खुर्चीला विचारून बसल्यासारखी बसली. मला एकदम "आई" म्हणाली नाही, "आजी" म्हणाली, मुंगीच्या नात्याने. ते मला आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही.

मुंगीसाठी तिने बिनकाचेची चष्म्याची चौकट आणली होती, लाल. मुंगीने ती घातली, सशाला घातली, यांना घातली. हे त्या लाल चष्म्यात बसून राहिले आणि घरात हशा पिकला. कितीतरी दिवसांनी. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत होते.

थोड्या वेळाने ती आत आली. "आजी, तिला काय काय लागतं ते सांगाल का? मला काहीच माहीत नाही."

मी सांगितलं. दूध कोमट, साय नको. केस विंचरताना खालून वर. सर्दी झाली की डाव्या कुशीवर. ती फोनवर टिपून घेत होती.

"आणि झोपताना?"

"झोपताना काही नाही," मी म्हटलं. "पडली की झोपते."

खरं म्हणजे मुंगीला झोपताना कानाची पाळी धरावी लागते. उजव्या कानाची, दोन बोटांत, अगदी हलकी. तिची आई धरायची, मग मी धरायला लागले. इतकं सगळं सांगितलं की तिला. एखादी गोष्ट राहून गेली तर काय बिघडलं?

११ मे

पुस्तक आलं. काय सुंदर झालंय! जाड कागद, फोटो जिवंत, एकही चूक नाही. मी चार वेळा तपासलं. वर लेकीचं नाव. मी ते नुसतं हाताने चाचपत बसले होते.

मुंगीला मांडीवर घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. मी शाळेत कविता वाचायचे तशी, आवाज लावून. "आम्ही सगळे, लग्नाच्या दिवशी."

मुंगी फोटोवर बोट फिरवत गेली. "हा बाबा. ही तू. हे आजोबा. मी कुठंय?"

"तू नव्हतीस तेव्हा."

"मला नाही नेलं?"

"तुझा जन्म झाला नव्हता, राणी."

"मग मला कुणाजवळ ठेवलं होतं?"

मी पान उलटलं. "आम्ही पहिल्यांदा समुद्रावर गेलो." समुद्र बघितला आणि तिचा ओठ बाहेर आला. समुद्र तिने अजून पाहिलेला नाही. "तुम्ही गेलात," ती म्हणाली. "मला सोडून." पुढचं पान तिने बघितलंच नाही. मांडीवरून उतरली, पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे घे तुमचं पुस्तक."

आणि सशाला घेऊन पलंगाखाली जाऊन बसली. बाहेर येईना. शेवटी हे वाकून, कमरेचं दुखणं बाजूला ठेवून, तिच्याशेजारी पलंगाखाली गेले तेव्हा कुठे रडायची थांबली.

लहान आहे अजून. मोठी झाली की कळेल. पण माझा दिवस पार विसकटला. एवढं जीव ओतून केलं, आणि तिने ते एखाद्या शेजारणीची वाटी परत करावी तसं माघारी दिलं.

६ जून

गेली.

बॅग मीच भरली. सगळ्यांत वर पुस्तक ठेवलं. निघताना मुंगीने बॅगेची चेन उघडली, पुस्तक बाहेर काढलं आणि धावत आत आली. "आजी, तुमचं पुस्तक चुकून आलं होतं!" चेहरा कसा, अगदी प्रामाणिक मुलीचा. तिला मीच शिकवलंय, दुसऱ्याची वस्तू आपल्याबरोबर न्यायची नाही म्हणून.

मी पुस्तक हातात धरून दारातच उभी राहिले. यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि बाहेर गाडीपाशी जाऊन चष्मेवालीच्या हातात दिलं. काहीतरी बोललेही तिच्याशी, बराच वेळ. यांना एवढं बोलताना मी बऱ्याच दिवसांनी बघितलं. काय बोललात विचारलं तर म्हणाले, "रस्ता सांगत होतो." ज्या रस्त्याने जावई दर सुट्टीला येतात तो रस्ता!

गाडी वळेपर्यंत मुंगी हात हलवत होती. लाल चष्मा घालून.

९ जून

काही नाही.

१३ जून

दूध जास्त होतं. गवळ्याला कमी कर सांगायचं जिवावर येतं.

१७ जून

फोन झाला. शाळा आवडली. डब्यातलं सगळं संपवते. मी विचारलं, "पुस्तक बघतेस ना?"

"कुठलं?"

"आईचं."

"ते होय," म्हणाली, आणि मागून कुणीतरी हाक मारली म्हणून पळाली. फोन तसाच चालू राहिला. मी तिकडच्या घरातले आवाज ऐकत बसले. नळ, भांडं, कुणाचं तरी हसू. मुंगीचं होतं, का त्या बाईचं, मला ओळखता आलं नाही. मला मुंगीचं हसू ओळखता आलं नाही!

पुस्तक कुठल्यातरी कपाटाच्या तळाशी गेलं असणार. मी त्या बाईच्या जागी असते तर मीही तिथेच ठेवलं असतं.

२ जुलै

परवा सकाळच्या बसने तिकडे गेलो होतो आणि काल परत आलो. नीट आठवून लिहायचंय, म्हणून काल काहीच लिहिलं नाही.

घर लहान आहे, पण उजेडाचं. मुंगी उंच झालीय, निदान मला तसं वाटलं. जेवणं झाल्यावर जावई कामावर परत गेले, हे आरामखुर्चीत डुलक्या घ्यायला लागले, आणि मी जरा पडावं म्हणून आतल्या खोलीकडे निघाले. दार अर्धं उघडं होतं. त्या दोघी पलंगावर लवंडल्या होत्या आणि मध्ये माझं पुस्तक. कोपरे मऊ पडलेले, पाठीवर दुधाचा डाग. रोज हाताळल्याशिवाय पुस्तक असं होत नाही. शाळेत वाचनालय माझ्याकडेच होतं, मला कळतं.

चष्मेवाली वाचत होती. "आपण सगळे, लग्नाच्या दिवशी."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहिते. वाटलं, बाईला वाचता येत नाही. मी 'आम्ही' लिहिलंय आणि ही 'आपण' वाचतेय. मग नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण? आपण म्हणजे कोण? माझ्या लेकीच्या लग्नात ही कुठली आली? आता आत जाऊन बोलणार, तेवढ्यात मुंगी म्हणाली,

"मग आपण कुठंय?"

प्रश्न तिला पाठ होता, आणि उत्तरही पाठ असणार, कारण विचारतानाच हसत होती.

"आपण दोघी अजून पोचलो नव्हतो," ती म्हणाली.

"उशीर झाला?"

"हो ना. तुला थोडासाच झाला. तू धावत आलीस आणि आईला गाठलंस. मला फारच उशीर झाला. मी आले तोवर ती गेली होती."

"तुला भेटलीच नाही?"

"नाही गं. म्हणून तर तुला विचारत असते, कशी होती म्हणून."

"डोळे मिटून हसायची," मुंगी म्हणाली. "झोपलेली नाहीये काही ती. हसतीय."

"अगदी तुझ्यासारखी. तू हसलीस की मला तुझे डोळे तपासताच येत नाहीत."

मुंगी हसली. तिचे डोळे मिटले. लेक गेल्यापासून हे पोर माझ्या डोळ्यांसमोर आहे, पण तीन वर्षं मी तिला हसवलंच कुठे होतं, की मला ते दिसावं?

आणि मग मला आणखी एक दिसलं. वाचता वाचता त्या बाईचा हात मुंगीच्या उजव्या कानाशी होता. दोन बोटांत पाळी, अगदी हलकी धरलेली.

किती वर्षं मी फळ्यावर लिहीत आले: 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये ऐकणारा असतो. ज्यांचं चुकायचं त्यांना पुन्हा पुन्हा लिहायला लावायचे. आणि माझ्या अख्ख्या पुस्तकात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही 'आपण' नाही. 'आमचं जुनं घर.' 'आम्ही समुद्रावर गेलो.' चार वेळा तपासूनही एकही चूक सापडली नव्हती. पुस्तक मुंगीसाठी म्हणून केलं, आणि ओळीओळीने तिला बाहेर उभं केलं. त्या 'आम्ही'मध्ये मी आणि माझी लेक, दोघीच होतो. दुसऱ्या कुणालाही मला आत घ्यायचंच नव्हतं. आता माझ्या 'आम्ही'तली ती नाही. मी एकटीच आहे त्यात.

माझा हुंदका बहुतेक ऐकू गेला. चष्मेवाली दचकून उठून बसली, चोरी पकडली गेल्यासारखी. "आजी, मी... तुम्ही लिहिलंय ते बदलून वाचते. रडायची हो ती. सॉरी."

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तोंडून एवढंच आलं, "बरोबर वाचतेस."

मुंगी सरकली आणि मधली जागा तळव्याने थापटायला लागली. "आजी, ये ना. आपलं पुस्तक वाचतोय."

मी दोघींच्या मध्ये जाऊन पडले. पलंग अरुंद होता, माझा एक खांदा बाहेरच राहिला. मुंगीने पुस्तक माझ्या पोटावर ठेवलं आणि पान काढून दिलं. दोन दिशांना तोंडं केलेल्या दोघी. मी वाचायला गेले, 'आपण दोघी, भांडण झाल्यावर', आणि 'आपण'वरच अडले. मुंगीने माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरली.

येताना बसमध्ये यांना विचारलं, "कानाचं तिला तुम्ही सांगितलंत?"

हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "रस्ता सांगितला." मग गाव मागे पडल्यावर, अजून बाहेरच बघत, म्हणाले, "आपली पोर फार हसायची, नाही?"

ती गेल्यापासून यांनी तिचा विषय काढला तो हा पहिल्यांदाच. मी म्हटलं, "हो. आपली पोर फार हसायची." आणि मग सगळ्या बससमोर आम्ही दोघं रडलो.